कानातला ओळंबा



नवरात्र तोंडावर आलं आहे. वडोदऱ्यात एकीकडे गरब्याच्या चनिया-चोळ्या बाहेर निघाल्यात, दुसरीकडे भोंडल्याची खिरापत कोणाकडे कोणत्या दिवशी याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. अख्खं शहर नऊ रात्री पायांवर असणार, तर या महिन्यात पायांबद्दलच लिहावं असं ठरवलं. लिहायला बसले आणि विषय पायांवरून थेट कानापर्यंत गेला. आपलं पुढचं पाऊल नेमकं कुठे पडणार, हे ठरवण्यात कानाचा मोठा वाटा आहे. ऐकण्याच्या कानाचा नाही, त्याच्या शेजारीच बसलेल्या तोलाच्या कानाचा.

आधी एक घरगुती प्रयोग. मोकळ्या खोलीत, आजूबाजूला टीपॉय किंवा पलंगाचा कोपरा नाही याची खात्री करून, कोणालातरी शेजारी उभं करा. दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा आणि जागच्या जागी ५० पावलं टाका, शाळेतल्या कवायतीसारखी. मग डोळे उघडा. बहुतेकांना धक्का बसतो. आपण जागचे हललोच नाही असं वाटत असतं, पण तोंड भलत्याच भिंतीकडे झालेलं असतं, आणि जागाही हात-दोन हात सरकलेली असते. (ज्यांना चक्कर येते किंवा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी हे करू नये, फक्त नातवंडांकडून करवून घ्यावं.)

हा प्रयोग माझा नाही. उंटरबर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९३८ साली आणि जपानच्या फुकुदा यांनी १९५९ साली कानाच्या तपासणीसाठी तो वापरला. एका बाजूचा तोलाचा कान अशक्त असेल, तर माणूस बहुधा त्या बाजूला वळतो असा त्यामागचा विचार. मात्र धडधाकट माणसंही थोडीफार वळतातच, त्यामुळे केवळ यावरून कोणताही डॉक्टर निदान करत नाही. तुम्हीही करू नका. आपल्याला यातून एवढंच बघायचं आहे की डोळ्यांची मदत काढून घेतली, की पावलं सरळ ठेवणं किती अवघड काम आहे.

आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे, चकवा. रात्री शेतातून किंवा रानातून निघालेला माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच चिंचेपाशी येतो. मग गावात बोलबाला होतो की अमक्याला चकवा लागला. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मॅक्स प्लांक संस्थेतले यान साउमान आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली हाच चकवा मोजला. त्यांनी माणसांना जर्मनीच्या एका मोठ्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात 'सरळ चालत राहा' असं सांगून सोडलं आणि जीपीएसने त्यांची वाट टिपली. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र ती गोल गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून पुढे गेली, आणि आपण वळतो आहोत याचा त्यांना पत्ताही नव्हता. डोळे बांधून मोकळ्या मैदानात चालवलं, तर काहींची वर्तुळं अवघी २० मीटर व्यासाची निघाली. एक पाय जरा आखूड असतो म्हणून असं होतं, ही समजूतही टिकली नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. 'सरळ म्हणजे कुठे' याचा मेंदूचा अंदाज पावलागणिक किंचित चुकत जातो, आणि बाहेरची खूण नसली की त्या बारीक चुका साठत जातात.

आता तो तोलाचा कान बघू. कानाच्या पडद्याच्या पलीकडे, कवटीच्या कठीण हाडात कोरलेल्या पोकळीत तो असतो. त्याचे दोन भाग. पहिल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, साधारण एकमेकींशी काटकोनात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा मिळतात, तशा. एकेका कड्याचा व्यास जेमतेम ६-७ मिलिमीटर. आत द्रव आहे आणि त्या द्रवाच्या वाटेत जेलीसारखा मऊ पडदा. डोकं वळलं की नलिका वळते, पण द्रव जरा मागे राहतो. त्याने पडदा वाकतो, त्याच्या मुळाशी असलेल्या केशपेशी वाकतात आणि मेंदूला कळतं, डोकं अमुक दिशेला अमुक वेगाने वळतंय.

दुसऱ्या भागात दोन पिशव्या आहेत. त्यांत केशपेशींवर जेलीचा थर आणि त्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. शिंपले आणि संगमरवर ज्याचे बनतात तोच हा पदार्थ. डोकं कललं, किंवा बस एकदम सुटली, की वजनामुळे हे कण सरकतात आणि खाली कुठे, पुढे कुठे हे मेंदूला समजतं. गवंड्याच्या हातात ओळंबा असतो ना, दोरीला लटकवलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला? निसर्गाने प्रत्येकाच्या दोन्ही कानांत एकेक ओळंबा ठेवला आहे.

माझ्या कामात फोनच्या सेन्सरशी थोडा संबंध येतो, म्हणून हे वाचताना मला फारच ओळखीचं वाटलं. तुमच्या फोनमध्येही सहसा असे दोन सेन्सर असतात. जायरोस्कोप तीन अक्षांभोवतीचं वळणं मोजतो, म्हणजे त्या तीन नलिका. अ‍ॅक्सेलरोमीटर कल आणि वेगातला बदल मोजतो, म्हणजे त्या दोन पिशव्या. दोघांच्या उणिवाही कानासारख्याच आहेत. नुसत्या अ‍ॅक्सेलरोमीटरला फोन मागे कललाय की पुढे धावतोय हे ओळखता येत नाही, दोन्हींत आकडे सारखेच येतात. जायरोस्कोपचा हिशेब हळूहळू घसरत जातो. म्हणून दोघांचे आकडे एकत्र करून अंदाज बांधणारा कोड लिहावा लागतो. आपला मेंदू त्यात डोळ्यांनी दिसलेलं आणि तळपायाला, घोट्याला, मानेला जाणवलेलंही मिसळतो, आणि हे काम जन्मभर न सांगता करतो.

कानाची उणीव बघायची तर फुगडी घाला. सुरुवातीला द्रव मागे राहतो, पडदा वाकतो, आपण फिरतोय हे कळतं. एकाच वेगाने फिरत राहिलं तर द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, पडदा हळूहळू सरळ होतो आणि कान फिरण्याची बातमी देणं बंद करतो. मग हात सुटतात. शरीर थांबतं, पण द्रव पुढे जात राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि कान ठासून सांगतो की तू आता उलटी फिरते आहेस. त्यावेळी पावलं बघा. पाय दणकट आहेत, डोळे उघडे आहेत, जमीन सपाट आहे. फक्त कानातून आलेली बातमी खोटी आहे, आणि तेवढ्याने पाऊल भलतीकडे पडतं, आपण शेजारणीवर जाऊन आदळतो. कान पावलं चालवतो याचा याहून सोपा पुरावा नाही.

पण पाऊल टाकणं म्हणजे नेमकं काय? दुसरा प्रयोग करा. भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड घट्ट टेकवून उभे राहा. आता डावा पाय उचलून बघा. उचलला जात नाही! डावा पाय सुटायचा तर आधी शरीराचं वजन उजव्या पायावर जायला हवं, आणि तिकडे भिंत आडवी आली आहे.

म्हणजे पाऊल जमिनीवरून सुटण्याआधीच शरीर हललेलं असतं. पायांनी जमिनीला बारीक रेटा देऊन आपण आपलं धड पुढे आणि बाजूला अक्षरशः फेकतो आणि मग दुसऱ्या पायाने ते झेलतो. लंडनचे संशोधक ब्रायन डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालण्याचं वर्णन असंच केलं आहे, फेकणं आणि झेलणं. पाऊल हवेत असतं तेवढा वेळ शरीर खरं तर पडत असतं. आपण साधारणपणे मिनिटाला १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. एकेक पाऊल हवेत जेमतेम ०.४ सेकंद असतं. तेवढ्यात फार मोठी दुरुस्ती करायला वेळच नसतो. म्हणून फेक आधीच बेताची असावी लागते, आणि त्यासाठी फेकण्याच्या क्षणी धड कुठे आहे, किती कललेलं आहे, कुठल्या वेगाने चाललं आहे हे ठाऊक असावं लागतं. इथे कानाची बातमी कामाला येते.

हे तपासायचं कसं? कान काढून ठेवता येत नाही. पण त्याला फसवता येतं. दोन्ही कानांच्या मागच्या हाडावर एकेक इलेक्ट्रोड चिकटवून त्यातून १ मिलिअँपिअरच्या आसपासचा, म्हणजे अगदी क्षीण, प्रवाह सोडला, की तोलाच्या नसेतले संदेश एका बाजूला वाढतात आणि दुसऱ्या बाजूला घटतात. मेंदूला वाटतं डोकं एका बाजूला कलतंय. उभा माणूस मग धन इलेक्ट्रोडच्या बाजूला झुकतो, आणि डोळे बांधून चालणारा माणूस त्याच बाजूला वळत जातो. जपानच्या एनटीटी कंपनीच्या संशोधकांनी २००५ साली अमेरिकेतल्या सिग्राफ परिषदेत असं हेडसेटच मांडलं होतं. ते घालून चालणाऱ्याला दुसरा माणूस रिमोटने डावी-उजवीकडे वळवू शकत होता, खेळण्यातल्या गाडीसारखा.

कॅनडातल्या लिआ बेंट, टिमथी इंग्लिस आणि ब्रॅडफर्ड मॅकफेडियन यांनी २००४ साली त्यापुढचा प्रश्न विचारला. चालताना कानाची बातमी सतत सारखीच महत्त्वाची असते का? त्यांनी पावलाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर हा प्रवाह सोडला. धडावरचा परिणाम कुठल्याही टप्प्याला झाला. पण पुढचं पाऊल कुठे पडतं यावरचा परिणाम सर्वांत मोठा तेव्हा झाला, जेव्हा प्रवाह टाच टेकण्याच्या वेळी आला. टाच टेकल्यावर काही काळ दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि पुढच्या फेकीची तयारी चालू असते. एकदा एका पायावर भार गेला की बातमी आली तरी तिचा पावलावर तेवढा परिणाम होत नाही. कार्यालयात ठराविक वेळीच खिडकी उघडावी, तसा मेंदू पावलासाठी कानाकडे त्या क्षणी जास्त लक्ष देतो.

आणखी एक गंमत. कान बसवलेत डोक्यात, आणि सावरायचं असतं धड. आपण तर चालताना मान सतत वळवतो, दुकानाच्या पाट्या बघतो, शेजारच्याशी बोलतो. त्यामुळे कानाची बातमी तशीच्या तशी पायांना देऊन चालत नाही. डोकं धडावर कुठल्या दिशेला वळलं आहे ते मानेकडून विचारून मेंदू तिचा अर्थ लावतो. २००६ साली फिट्झपॅट्रिक, बटलर आणि डे यांनी दाखवलं की तोच प्रवाह, तेवढाच, मान सरळ असताना माणसाचा तोल कलंडवतो, आणि मान खाली घालून चालताना त्याची वाट वळवतो. बातमी एकच, पण डोक्याच्या स्थितीप्रमाणे तिचा अर्थ बदलतो.

हा कान कायमचा गेला तर काय होतं, याचं प्रसिद्ध वर्णन एका डॉक्टरनेच लिहून ठेवलं आहे. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तोलाच्या केशपेशींना मारू शकतं. एका अमेरिकन डॉक्टरचे दोन्ही तोलाचे कान त्याने गेले, आणि १९५२ साली त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नुसत्या 'जे. सी.' या आद्याक्षरांनी आपला अनुभव छापला. सुरुवातीला पलंगावर पडून वाचतानाही अक्षरं हलत, कारण नाडीच्या ठोक्याबरोबर डोकं किंचित हलत असे. डोकं पलंगाच्या गजांत टेकवून धरलं तरच वाचता येई. चालताना सगळं जग उड्या मारताना दिसे. चालता चालता फोनवर व्हिडिओ काढलात तर तो जसा हिसके खातो, तसं. तुम्हा-आम्हाला तसं दिसत नाही, कारण कान १० मिलिसेकंदांच्या आसपास डोळ्यांना उलट दिशेला वळवून चित्र स्थिर ठेवतो. असा माणूस दिवसाउजेडी सपाट जमिनीवर चालू शकतो, कारण डोळे आणि तळपाय सांभाळून घेतात. अंधार झाला, किंवा पायाखाली वाळू, गादी, ओलं गवत आलं, की त्याचे हाल सुरू होतात.

हे सगळं मी वाचायला लागले ते माझ्या आत्यामुळे. आत्या सत्तरी ओलांडलेली, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात अजून वरच्या मजल्यावर राहणारी. गेल्या वर्षी तिने संध्याकाळी देवळात जाणं बंद केलं. मग जिना उतरणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "अगं, कूस बदलली की छप्पर फिरतं. आणि चालताना पाय टाकते तिथे जमीन असेल याचा भरवसाच वाटत नाही गं." घरात सगळ्यांनी आपापलं निदान केलं. बीपी असेल, पित्त असेल, वय झालं. लिंबू-सरबत झालं, चक्करच्या गोळ्या झाल्या. आत्या दिवसेंदिवस खुर्चीतच बसू लागली. मला भीती वाटली ती चक्करची नव्हती. जी बाई गेल्या नवरात्रापर्यंत भोंडल्याचा फेर धरत होती, तिने पायांवरचा विश्वास टाकला होता, आणि आम्ही सगळे त्याला 'वय' म्हणून मोकळे झालो होतो.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला पलंगावर आडवं केलं, मान एका बाजूला वळवून जरा खाली लटकती ठेवली आणि डोळे बघितले. बुबुळं काही सेकंद फडफडली. "ओळंब्यातले कण जागेवरून सुटून नलिकेत शिरलेत," हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ. या आजाराला बीपीपीव्ही म्हणतात आणि गरगरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की, काही सेकंद सगळं फिरतं आणि थांबतं. उपाय म्हणजे डोकं ठराविक क्रमाने वळवत ते कण पुन्हा पिशवीत घरंगळवायचे. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी शोधलेली ही पद्धत. शस्त्रक्रिया नाही, इंजेक्शन नाही, आणि काही मिनिटांत काम होतं. आत्याला दोनदा करावं लागलं.

छप्पर फिरायचं थांबलं, पण चाल लगेच सुधारली नाही. ती मान ताठ धरून, पायांकडे बघत, पाऊल घासत चालायची. डॉक्टरांनी व्यायाम दिले. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्याच्यावर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची. मग तेच उभं राहून, मग कठड्याला धरून चालताना. मेंदूला कानाच्या बातमीवर पुन्हा भरवसा ठेवायला शिकवायचं. माझ्या आतेभावाने रोज सकाळी न चुकता करवून घेतलं. दोन महिन्यांनी आत्या जिना उतरून खाली आली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "काय रे, दिंडीदरवाजा कोणी पुसत नाही वाटतं!"

वय वाढतं तसा तोलाचा कान सगळ्यांचाच थोडा मंदावतो. नजर आणि तळपायाची जाणीवही उतरते. म्हणून घरातल्या मोठ्यांसाठी काही साध्या गोष्टी करता येतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री मंद दिवा ठेवा, कारण अंधारात डोळ्यांची मदत जाते आणि सगळा भार कानावर येतो. सरकणारी पायपुसणी काढा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा. जाड मऊ स्पंजच्या सपातांपेक्षा पातळ, घट्ट तळव्याची चप्पल बरी, तळपायाला जमीन कळते. जिना उतरणाऱ्याला मागून हाक मारू नका, त्याची मान गर्रकन वळते. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या फार दिवस चालू ठेवल्या तर मेंदूचं जुळवून घेणं मंदावतं, म्हणून त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. आणि गरगरण्याबरोबर बोबडं बोलणं, एकाची दोन दिसणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा चेहरा वाकडा होणं, यांतलं काही एकदम झालं तर कान-बिन काही न म्हणता ताबडतोब दवाखाना गाठा. तो मेंदूचा झटका असू शकतो.

आणि एक महत्त्वाचं. चक्करच्या भीतीने चालणं बंद करू नका, करू देऊ नका. डोकं हललंच नाही, पाऊल पडलंच नाही, तर मेंदूला जुळवून घ्यायला बातमीच मिळत नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की हात धरून का होईना, चालवा.

यंदाच्या भोंडल्यात आत्या फेरात असणार आहे. फुगडी मात्र तिला आम्ही घालू देणार नाही, यावर सध्या घरात वाद चालू आहे. तुमच्याकडच्या कोणा मोठ्यांनी अशीच पावलं आखडती घेतली असतील, तर 'वय झालं' म्हणण्याआधी त्यांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. काय झालं ते मला नक्की कळवा.

पुढच्या महिन्यात भेटूच. नवरात्राच्या सर्वांना शुभेच्छा!